आमची वाटचाल : वाकळांच्या खोलीतून एफएमवर

वडिलांचा धंदा स्पीकरचा. लग्नं, तालमीचा गणपती, साखर कारखान्याची सभा, कुस्तीचं मैदान, सगळीकडं कर्णे आणि वायरींची भेंडोळी घेऊन ते फिरले. बाजाराच्या दिवशी रिक्षाला कर्णा बांधून दुकानांचा पुकारा करायचं कामही आमच्याकडं असायचं. त्याची कॅसेट घरातच भरायची. बारावीनंतर ते काम माझ्याकडं आलं. कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत आज आमचा रेडिओच्या जाहिराती आणि जिंगल करणारा जो छोटा स्टुडिओ आहे, त्याचा पाया त्या कॅसेटींनी घातला.

घरात रेडिओ दिवसभर चालायचा. सुरुवातीला १२५१ किलोहर्ट्झवरची सांगली आकाशवाणी, पुढं १०२.७ वर कोल्हापूरचं स्वतःचं केंद्र. वडील सांगायचे, १९५२ च्या सुमारास माहिती व नभोवाणी मंत्री बाळकृष्ण केसकरांच्या धोरणामुळं आकाशवाणीवरची सिनेमाची गाणी जवळजवळ बंद झाली, आणि अख्ख्या गल्लीनं काटा फिरवून रेडिओ सिलोन लावलं. अमीन सयानींचा आवाज तिथूनच घराघरात शिरला. आकाशवाणीनं ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू केली तेव्हा कुठं लोक हळूहळू परत आले. वडिलांनी ही गोष्ट मला अनेकदा ऐकवली. ऐकणारा माणूस गाण्याच्या मागं जातो आणि जाहिरात ऐकणाऱ्याच्या मागं, एवढंच त्यांना त्यातून सांगायचं असायचं. माझा सगळा धंदा त्यांच्या त्या एका वाक्यावर उभा आहे.

विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या त्या १ नोव्हेंबर १९६७ ला, मुंबई, पुणे आणि नागपूर केंद्रांवरून. पण महाद्वार रोडवरच्या भांड्यांच्या दुकानदाराला त्याचा काय उपयोग? त्याचं गिऱ्हाईक पन्हाळा, कागल, करवीर, हातकणंगल्यातलं. त्याच्यासाठी रिक्षा आणि कर्णाच बरा होता.

पुढं कोल्हापुरात खासगी एफएम आला त्यामागं दिल्लीतला एक हिशेब आहे. तो आमच्या व्यवसायातल्या नव्या पोरांना मी आवर्जून सांगतो. हवेतल्या रेडिओलहरी ही जनतेची मालमत्ता आहे, त्यावर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी १९९५ मध्ये दिला. त्यानंतर खासगी एफएमचा पहिला लिलाव झाला आणि ३ जुलै २००१ ला बंगळुरात देशातलं पहिलं खासगी स्टेशन लागलं. पण त्या पहिल्या टप्प्यात परवान्याची फी ठरीव होती आणि ती दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढायची. जाहिराती मिळोत न मिळोत, फी भरायचीच. मोठ्या शहरातल्या स्टेशनांचाही त्यात दम निघाला. २००५ च्या धोरणानं ही पद्धत बदलली. सुरुवातीला एकरकमी प्रवेश शुल्क आणि नंतर दरवर्षी उत्पन्नाच्या ४ टक्के. देशातल्या ९१ शहरांसाठी ३३८ वाहिन्या लिलावाला निघाल्या आणि त्यात कोल्हापूरचं नाव होतं. माझ्या मते हा चार टक्क्यांचा आकडा आला नसता, तर आपल्यासारख्या जिल्ह्याच्या गावात खासगी संगीत वाहिनी टिकलीच नसती.

मग 'पुढारी'चं टोमॅटो एफएम ९४.३ वर आलं, रेडिओ मिरची ९८.३ वर आलं आणि परवान्यांच्या तिसऱ्या टप्प्यात रेडिओ सिटीनंही कोल्हापूर घेतलं. रिक्षात, सलूनमध्ये, उद्यमनगरातल्या लेथशेजारी, गंगावेशीत दूध प्यायला उभं राहावं तिथं, सगळीकडं एफएम. आणि आरजे कोण, तर आपल्याच गल्लीतली पोरं-पोरी, आपल्यासारखंच 'काय भावा' म्हणणारी.

वडिलांनी तेव्हा मला स्वतःहून तीस हजार रुपये दिले. म्हणाले, "कर्ण्याचे दिवस सरले, आता तू हे बघ." एक माइक, एक मिक्सर, एक कॉम्प्युटर घेतला. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना फोम लावायचा असतो, त्याला पैसे उरले नव्हते. आईनं घरातल्या जुन्या वाकळा दिल्या. जुन्या लुगड्यांच्या थरांची जाड वाकळ आवाज किती छान पिते, ते एकदा टाळी वाजवून बघा. आज खोलीला फोम आहे, पण दाराच्या मागची वाकळ अजून तीच आहे.

त्या पहिल्या दिवाळीत चप्पल लाइनमधले, म्हणजे कोल्हापुरी चपलांच्या बाजारातले, एक काका आले. तिसरी पिढी, दुकान दहा बाय बाराचं. वीस सेकंदांचा स्पॉट, म्हणजे रेडिओवरची छोटी जाहिरात, करायचा होता. वीस सेकंद म्हणजे मराठीत पंचेचाळीस शब्द, फार तर पन्नास. त्यात दुकानाचं नाव दोनदा, पत्ता एकदा आणि फोन नंबर. मी पुण्यातल्या एका व्यावसायिक आवाजाकडून नमुना मागवला होता. स्वच्छ, भरदार, प्रत्येक अक्षर सुटं. काकांनी डोळे मिटून ऐकला आणि म्हणाले, "आवाज चांगला हाय, पण ह्यो मानूस माझ्या दुकानात बसत न्हाई." मी म्हटलं, मग तुम्हीच बोला. माइकसमोर उभं केल्यावर पहिले अकरा टेक ते शाळेतल्या भाषणासारखं बोलले. बाराव्याला मी कागद काढून घेतला आणि विचारलं, "काका, गिऱ्हाईक पायरीवर आलं, तर काय म्हणता?"

"या की. घालून बघा. चावली तर परत आना!"

हीच जाहिरात झाली. आता त्याला चपलेचा आवाज हवा होता. आवाजांच्या सीडीवर बूट होते, उंच टाचा होत्या, फौजी परेड होती. करकर वाजणारी कोल्हापुरी नव्हती. काकांनी पायातली काढून दिली नाही, स्वतःच शहाबादी फरशीवर चालले. मी पालथा पडून माइक जमिनीपासून वितभर वर धरला होता. कर्र, कर्र, कर्र, मग थांबणं, आणि त्या थांबण्यावर "या की." वीस सेकंदांत सहा सेकंद नुसती चाल. स्टेशनच्या प्रोग्रामिंगवाल्यांना ती लांब वाटली, पण काका हटले नाहीत. त्या दिवाळीत लोक दुकानात येऊन "चावली तर परत आना"वाली चप्पल मागायला लागले. तेव्हापासून आमचा नियम ठरला: मालक बोलू शकत असेल तर मालकच बोलेल.

रेडिओचा दर दहा सेकंदांच्या हिशेबानं ठरतो. सकाळी साडेसात ते अकरा आणि संध्याकाळचा घरी परतायचा वेळ महाग, दुपार स्वस्त. ऐकणाऱ्याला गाणं फुकट मिळतं, पण त्या गाण्याचे पैसे कुणीतरी मोजलेले असतात. गाण्यांच्या रॉयल्टीवरून स्टेशनं आणि संगीत कंपन्यांची वर्षानुवर्षं भांडणं चालली. २०१० मध्ये कॉपीराइट बोर्डानं जाहिरातींच्या निव्वळ उत्पन्नाच्या २ टक्के असा हिशेब ठरवला, तेव्हा छोट्या शहरातल्या स्टेशनांनी श्वास सोडला. म्हणून मी आमच्या दुकानदारांना अभिमानानं सांगतो, रात्रीची जुनी गाणी तुमच्या चपलेवर, तुमच्या भांड्यांवर, तुमच्या साड्यांवर वाजतात.

त्रासही झाला. बाहेरगावच्या एका एजन्सीनं आमच्याकडून वर्षभर काम करून घेतलं, नव्वद दिवसांची उधारी सांगितली आणि दोन वर्षं पैसे दिले नाहीत. त्या काळात दोन मुलांचे पगार मी बायकोच्या बांगड्या गहाण ठेवून भागवले. ते ओझं तिनं माझ्याबरोबर उचललं, हे इथं लिहिल्याशिवाय ही वाटचाल पुरी होणार नाही. तेव्हापासून निम्मे पैसे रेकॉर्डिंगच्या आधी घेतो, ओळखीच्या माणसाकडूनही.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात जयंती नाल्याचं पाणी लक्ष्मीपुरीत शिरलं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. मिक्सर आणि माइक माळ्यावर चढवले, कॉम्प्युटर राहिला. बारा वर्षांच्या मूळ फाइल्स गेल्या. वीज नव्हती, नळाला पाणी नव्हतं, महामार्ग शिरोलीजवळ बंद होता. गच्चीवर पावसात वडिलांचा सेलवरचा जुना ट्रान्झिस्टर लावून बसलो. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायला परवानगी नाही, पण पाऊस, रस्ते, नागरी सूचना सांगता येतात. पातळी किती, कुठला पूल बंद, जेवणाची पाकिटं कुठं मिळतायत, एवढंच ऐकत होतो. शेजारच्या तीन गच्च्यांवरची माणसं आवाज वाढवा म्हणून हाका मारत होती. इतकी वर्षं रेडिओत काम करून त्याची खरी किंमत मला त्या गच्चीवर कळली.

वर्षभरही सावरायला मिळालं नाही. २०२० चा पाडवा २५ मार्चला होता आणि त्याच दिवशी देशभर टाळेबंदी सुरू झाली. पाडव्याचे चौदा स्पॉट तयार होते, सगळे रद्द झाले. दुकानंच बंद, तर जाहिरात कसली! मुलांना अर्धा पगार देत राहिलो, कुणाला काढलं नाही.

आता मोबाइलची अडचण आहे. पूर्वी फोनमध्ये एफएम असायचा, इअरफोनची वायर हाच त्याचा अँटेना. नव्या फोनात वायर गेली आणि तिच्याबरोबर एफएमही गेला. तरी गाडीत, दुकानात, स्वयंपाकघरात तो ऐकला जातो, आणि आमच्याकडं महिन्याला पंचवीस-तीस स्पॉट असतात.

गेल्या दिवाळीआधी चप्पल लाइनमधल्या काकांचा मुलगा आला. काका दोन वर्षांपूर्वी गेले. त्यानं विचारलं, बाबांचा तो स्पॉट मिळेल का? फाइल पुरात गेली होती. पण ती पहिली सीडी वडिलांनी ट्रान्झिस्टरच्या पेटीत माळ्यावर ठेवली होती, ती निघाली. शेवटी जुना लँडलाइन नंबर होता, तो कापला आणि नवा नंबर मुलाच्या आवाजात जोडला. स्पॉट बावीस सेकंदांचा झाला. स्टेशनवरून फोन आला, दोन सेकंद कमी करा, ती चाल थोडी छोटी करा. मुलगा म्हणाला, "तीस सेकंदांचे पैसे लावा, पण बाबांची चाल कापू नका."

धनत्रयोदशीला सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी तो लागला. आम्ही सगळे स्टुडिओचं काम थांबवून रेडिओभोवती उभे होतो. कर्र, कर्र, कर्र. मग थांबणं. "या की."