सासूबाईंचे शब्द आणि चार अक्षरांचा कागद

आमचं सासर चोपडा तालुक्यात, केळीचं गाव. सासूबाईंची शाळा चौथीपर्यंत झालीय पण माणसाचा स्वभाव सांगायला त्यांच्याकडे जेवढे शब्द आहेत तेवढे मला एमबीएच्या दोन वर्षांत कोणी शिकवले नाहीत. घुम्या, हळवा, उतावळा, भिडस्त, चेंगट, खमक्या, तिरसट, टापटिपीचा... लग्नासाठी स्थळ आलं की पोराशी दहा मिनिटं बोलतात आणि एक शब्द टाकतात, बास.

हे सांगायचं कारण म्हणजे पर्सनॅलिटीचा आजचा सगळ्यात भक्कम सिद्धांत असल्याच शब्दांपासून सुरू झालाय. गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ओडबर्ट या मानसशास्त्रज्ञांनी १९३६ मध्ये इंग्रजीची जाडजूड डिक्शनरी घेऊन माणसाच्या वागण्याचे शब्द वेचले, ते निघाले जवळजवळ १८,०००, आणि त्यातले साधारण साडेचार हजार कायमच्या स्वभावाचे. विचार असा की जी गोष्ट माणसांना रोजच्या व्यवहारात महत्त्वाची वाटते तिच्यासाठी भाषेत शब्द तयार होतोच. मग कोणते शब्द एकमेकांच्या सोबतीने येतात, म्हणजे जो टापटिपीचा तोच बहुतेक वेळेवर येणारा आणि हिशोबाला पक्का, असं आकडेमोडीने बघत रेमंड कॅटेलने १६ गुण काढले आणि पुढे बऱ्याच लोकांच्या कामातून ते पाचावर आले. बहिर्मुखता, मिळतंजुळतं घेणं, कामातला चोखपणा, मनाची अस्थिरता आणि नव्या गोष्टींबद्दलचं खुलेपण. यालाच बिग फाइव्ह म्हणतात.

पण मला आधी भेटलं ते दुसरंच.

आधीच्या नोकरीत, कंपनीचं नाव नको, एक दिवसाचं ट्रेनिंग झालं. प्रश्नपत्रिका भरून घेतली आणि प्रत्येकाला चार इंग्रजी अक्षरं दिली, एकेक अक्षर म्हणजे स्वभावाची एकेक बाजू, त्यावरून १६ पैकी तुम्ही अमुक टाइप. हे मूळ मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगच्या १९२१ च्या पुस्तकातलं, त्यावरून कॅथरीन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इसाबेल मायर्स यांनी एमबीटीआय नावाची टेस्ट बनवली. आम्ही सगळे खूश, जो तो म्हणे अगदी माझंच वर्णन! मी तेव्हा टीम लीडर होते. माझ्याकडे एक मुलगी काउंटरला होती, कमी बोलायची, तिच्या कागदावर आलं अंतर्मुख. मी तो कागद बघून तिला काउंटरवरून काढून मागे डाटा एंट्रीला बसवलं, तिच्या भल्यासाठीच, असं मला खरंच वाटत होतं. तिला विचारलं सुद्धा नाही. तिने दोन महिन्यात नोकरी सोडली. जायच्या दिवशी एवढंच म्हणाली, "मॅडम, मी काउंटरला कमी बोलायची कारण समोरचा शेतकरी आधी पूर्ण बोलू दे म्हणून." ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही, आणि जाऊही नये.

नंतर वाचत गेले तेव्हा कळलं चूक कुठे झाली. एक तर त्या टेस्टमध्ये माणूस इकडचा नाहीतर तिकडचा, मधलं काही नाही. खरं तर बहुतेक माणसं मधेच असतात, उंचीसारखंच, फार बुटके आणि फार उंच थोडे. आता मधोमध रेघ मारली तर रेघेच्या जरासा अलीकडचा आणि जरासा पलीकडचा हे दोघं जवळपास सारखेच असून वेगळ्या डब्यात जातात, आणि काही आठवड्यांनी परत टेस्ट दिली तर बऱ्याच जणांची अक्षरं बदलतात. आणि जी कंपनी ही टेस्ट विकते ती स्वतःच सांगते की नोकरीवर घ्यायला ही वापरू नका!

दुसरं ते "अगदी माझंच वर्णन" वालं. बर्ट्रम फोररने १९४८ मध्ये आपल्या ३९ विद्यार्थ्यांची टेस्ट घेतली आणि प्रत्येकाला त्याचा म्हणून रिपोर्ट दिला, किती जुळतो त्याला पाचपैकी मार्क द्या म्हणाला. सरासरी आली ४.३ च्या आसपास. रिपोर्ट सगळ्यांना एकच होता, ज्योतिषाच्या पुस्तकातून वाक्यं उचललेला. म्हणजे जुळल्यासारखं वाटणं हा पुरावाच नाही.

बिग फाइव्हमध्ये डबे नाहीत, कमी-जास्त आहे, म्हणून मला ते पटतं. आणि त्याचा खरा उपयोग मला घरात झाला.

माझा नवरा काळजी करणारा माणूस, म्हणजे त्या पाचांतली मनाची अस्थिरता जास्त. रात्री गॅसचा नॉब तीनदा बघणार, गाडी सातची असली तर आम्ही सहाला जळगाव स्टेशनावर. लग्नानंतरची चार-पाच वर्षं मी याच्यावर भांडलेय, "तू कशाला एवढी काळजी करतोस" हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेल त्याचा हिशोब नाही, आणि सासूबाई दरवेळी म्हणायच्या, "तो पैलेपासूनच असा शे, माय." मला तेव्हा वाटायचं पोराची बाजू घेतात. मग जुळ्यांवरचे अभ्यास वाचले, माणसामाणसातल्या स्वभावाच्या फरकाचा साधारण निम्मा भाग जन्मजात असतो. वयाप्रमाणे मन थोडं स्थिरावतं, पण कोणी सांगितलं म्हणून नाही. उलट काळजी करू नको म्हटलं की त्याला आणखी एक काळजी, बायको चिडली.

आणि त्या काळजीची दुसरी बाजू मी मे महिन्यात बघितली. दुपारी चारला आभाळ काळं झालं, वारा सुटला, वीस मिनिटांत सगळं आटोपलं. आम्ही बांधावर गेलो तर शेजारच्या बागेत केळी घडांसकट आडवी, एकावर एक, पानांच्या चिंध्या झालेल्या, आणि सगळीकडे मोडलेल्या खोडातला चीक गळतोय. आमची पण पडली, पण पश्चिमेच्या बाजूला याने शेवरी दाट लावून घेतली होती, तिथल्या ओळी उभ्या होत्या. विमा पण वेळेत भरलेला, कारण याला ऑक्टोबरपासून झोप नव्हती. शेवरी लावताना मीच म्हटलं होतं की कशाला एवढा खर्च. त्या दिवसापासून मी त्याच्या काळजीला आजार म्हणणं सोडलं. तो जास्त हळवा आहे, मी कमी, एवढंच. आता सहाला स्टेशनवर जायचं असेल तर मी डबा आधी करते.

एक मात्र सांगते, हे शब्द भांडणात वापरायचे नाहीत. मी एकदा "तुझा तो गुण जास्त आहे" असं भर जेवणात म्हटलं तर तो ताट तसंच ठेवून उठला. सिद्धांत समोरच्याला समजून घ्यायला आहे, तोंडावर मारायला नाही.

कामाचं म्हणाल तर बॅरिक आणि माउंट यांनी १९९१ मध्ये खूप अभ्यास एकत्र करून बघितले, तर पाचपैकी चोखपणा हा एकच गुण सगळ्या प्रकारच्या कामांत चांगल्या कामाशी जोडलेला निघाला. पण वॉल्टर मिशेलने १९६८ मध्येच लिहून ठेवलंय की टेस्टवरून एखाद्या वेळचं वागणं फार थोडं सांगता येतं, माणूस समोर कोण आणि जागा कोणती तसा वागतो. मला दोन्ही खरं वाटतं. वर्षभराचा हिशोब धरला तर स्वभाव दिसतो, एका दिवसाचा धरला तर प्रसंग दिसतो.

आता मी डाळ मिलच्या ऑफिसात आहे आणि माणसं घ्यायचं काम माझ्याकडेच. कागद भरून घेत नाही. विचारते की मागच्या ठिकाणी चूक झाली तेव्हा तू काय केलंस, आणि मग त्याला पूर्ण बोलू देते. परवा एक पोरगा आला होता, पाचोऱ्याकडचा, फार हळू बोलत होता. म्हणाला, "मॅडम, तूर डाळीचे सहा कट्टे कमी लागत होते, रात्री झोपच नाही आली, सकाळी गोडाऊन उघडायच्या आधी जाऊन बसलो आणि सगळी थप्पी परत मोजली." मी विचारलं सापडले का? "चार सापडले, दोनचं मी मालकाला सांगून टाकलं."

त्याला सोमवारपासून बोलावलंय. गोडाऊनला बसायचं की काउंटरला, हे त्यालाच विचारलं, तो म्हणाला दोन्ही करून बघतो.