शुगरच्या रकान्यात ‘होय’ लिहिल्यावर

हे २०२१ च्या मे महिन्यात गेले, कोविडमध्ये. त्यांच्या नावावर विमा नव्हता. दर दिवाळीला विषय निघायचा आणि ‘पुढच्या वर्षी बघू’वर मिटायचा. मी अंबाजोगाईला विनाअनुदानित ज्युनिअर कॉलेजात शिकवते. घरात सासूबाई, मी आणि आता बारा वर्षांचा झालेला मुलगा. पगार माझा एकटीचा. माझं काही झालं तर या दोघांनी कुणाच्या तोंडाकडे बघायचं, या विचाराने मी कित्येक रात्री जागून काढल्या. शेवटी ठरवलं, ५० लाखांची टर्म पॉलिसी काढायची, म्हणजे ठरलेल्या मुदतीत मृत्यू झाला तर घरच्यांना पैसे देणारा विमा.

पण मला चौतिसाव्या वर्षापासून शुगर आहे. गोळ्या सकाळ-संध्याकाळ चालू आहेत.

माझा मावसभाऊ विम्याचं काम करतो. २०२५ च्या जानेवारीत तो घरी आला, आधार, पॅन, पगाराच्या स्लिपा घेऊन गेला. रात्री फोनवर ओटीपी आला आणि पाठोपाठ त्याचा फोन, “तेवढा ओटीपी सांग, फॉर्म पुढे जातो.” सोबत फॉर्मची पीडीएफ आली होती. मी म्हटलं, दादा, वाचून सांगते. मधुमेह आहे का, रक्तदाब आहे का, नियमित औषधं चालू आहेत का, आईवडिलांना साठीच्या आत हृदयविकार झाला का. सगळ्यांपुढे ‘नाही’.

“कामून एवढा विचार करतीस? शुगर आता कोणाला नाही? एकदा का तीन वर्षं गेली की कंपनीला काहीच करता येत नाही.”

त्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही. विमा कायद्याच्या कलम ४५ मध्ये २०१५ साली बदल झाला. तेव्हापासून पॉलिसीला तीन वर्षं पूर्ण झाली की माहिती लपवली या कारणाने कंपनीला तिच्यावर बोट ठेवता येत नाही. पण त्या तीन वर्षांची हमी मला कोण देणार होतं? यांना तर तेरा दिवसही मिळाले नव्हते.

आणि शेजारच्या काकूंचं मी डोळ्यांनी बघितलं होतं. काका पॉलिसीच्या दुसऱ्या वर्षी हार्ट अटॅकने गेले. फॉर्मवर शुगर ‘नाही’ होती. दवाखान्यात दाखल करताना डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा काकूंनीच रडत रडत सांगितलं होतं की सात वर्षांपासून गोळ्या आहेत, आणि केसपेपरवर तसं लिहिलं गेलं. चौकशीला आलेल्या माणसाने त्याच पानाचा फोटो काढून नेला. क्लेम नामंजूर झाला. भरलेले हप्ते तेवढे परत मिळाले. काकू अजून म्हणतात, “मीच बोलले आणि मीच बुडवलं.” त्यांनी काहीही बुडवलं नाही. बुडालं ते फॉर्म भरला त्या दिवशीच. हे मी त्यांना शंभरदा सांगितलंय, तरी त्यांच्या मनातून ते जात नाही.

मी दादाला ओटीपी दिला नाही. फॉर्म पुन्हा भरायला लावला, शुगरच्या पुढे ‘होय’. तो महिनाभर नीट बोलला नाही.

पुढे मेडिकल. आधी फोनवर एका डॉक्टर बाईंनी वीस मिनिटं प्रश्न विचारले, बोलणं रेकॉर्ड होतंय हे आधी सांगून. मी गोळ्यांच्या पट्ट्या हातात धरूनच बसले होते, नाव आणि मिलिग्रॅम बघून सांगितलं. मग रक्त-लघवी आणि ईसीजीसाठी लातूरला बोलावलं. उपाशी पोटी. रात्री आठला जेवले, पहाटेची एसटी धरली. डॉक्टरांनी बजावलं होतं की खाल्ल्याशिवाय सकाळची गोळी घ्यायची नाही, तरी रेणापूर मागे पडेपर्यंत हात थरथरायला लागले. पर्समध्ये गूळ-शेंगदाण्याची पुडी होती. मी ती हातात धरून बसले, सोडली नाही. सेंटरवर नंबर लागायला सव्वादहा वाजले. रक्त देऊन झाल्या झाल्या तिथेच बाकावर बसून पुडी संपवली. बीपी आलं १५०/९४. तिथल्या सिस्टर भल्या होत्या. “मॅडम, दम खा जरा,” म्हणाल्या, पाणी दिलं आणि थोड्या थोड्या वेळाने आणखी दोनदा मोजलं. तिसऱ्यांदा १३६ आलं. तिन्ही आकडे त्यांनी कागदावर लिहिले. शुगर असणाऱ्यांना माझं मनापासून सांगणं आहे, सकाळची पहिली वेळ मागून घ्या, आणि घरी येऊन रक्त नेण्याची सोय आहे का ते आधी विचारा.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. एचबीए१सी ८.९, अर्ज सहा महिने पुढे ढकलण्यात येत आहे. आधी भरलेला हप्ता परत. मी स्टाफरूममध्ये ते पत्र वाचलं आणि तास घ्यायला गेलेच नाही. खरं बोलायची ही शिक्षा, असं त्या दिवशी वाटलं.

आमच्या डॉक्टरांनी मला खुर्चीवर बसवून नीट समजावलं. एचबीए१सी म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी. ६.५ किंवा त्यापुढे मधुमेह धरतात. चाचणीच्या आदल्या आठवड्यात गोड बंद करून तो आकडा हलत नाही. पण नेटाने सहा महिने दिले तर नक्की हलतो. “त्यांनी नाही म्हटलेलं नाही, नंतर या म्हटलंय,” हे त्यांचं वाक्य मी धरून ठेवलं. औषध बदललं. ज्वारीची भाकरी कितीही खाल्ली तरी चालते हा आमच्याकडचा समज त्यांनी काढून टाकला. दोनच भाकरी, त्यासोबत उसळ आणि पालेभाजी. रोज पहाटे मुकुंदराजांच्या समाधीच्या रस्त्याने चालायला जायचे. सुरुवातीला सासूबाई दारात उभ्या राहून वाट बघायच्या, पुढे त्याही कोपऱ्यापर्यंत यायला लागल्या.

मधल्या काळात अगदीच उघडं राहू नये म्हणून बँकेतून प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा घेतला. वर्षाला ४३६ रुपये, २ लाखांचं संरक्षण, १८ ते ५० वयापर्यंत घेता येतो, वैद्यकीय तपासणी नाही. पहिल्या ३० दिवसांत अपघाताशिवाय मृत्यू झाला तर पैसे मिळत नाहीत, हे काउंटरवर कुणी सांगत नाही, म्हणून इथे लिहिते. २ लाखांत काय होतं, असं लोक म्हणतात. ज्यांच्या घरात काहीच आलं नाही त्यांना विचारा.

ऑगस्टमध्ये आकडा ७.१ आला. ऑक्टोबरमध्ये दुसऱ्या कंपनीत अर्ज केला. तिथे एक प्रश्न होता, याआधी तुमचा कोणता अर्ज नाकारला, पुढे ढकलला किंवा जादा हप्त्यावर स्वीकारला आहे का? मी ‘होय’ लिहिलं आणि जुनं पत्र जोडलं. त्यांनी मधुमेहाची वेगळी प्रश्नावली पाठवली, ती माझ्या डॉक्टरांनी भरायची होती. कधीपासून, कोणती औषधं, मागचे तीन एचबीए१सी, डोळ्यांचा पडदा तपासला का, लघवीतून प्रोटीन जातं का, पायांना मुंग्या येतात का. माझ्याकडे सहा वर्षांचे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावलेले होते. डॉक्टरांना पंधरा मिनिटंही लागली नाहीत. आजार कधीचा, यापेक्षा तो कसा सांभाळलाय हे तिथे जास्त बघतात, असं मला त्या प्रश्नांवरून जाणवलं.

उत्तर आलं. स्वीकारतो, पण जादा हप्त्यावर. मूळ हप्ता ९,८०० रुपये, आरोग्यासाठी वाढीव ७,३५०, एकूण १७,१५० वर्षाला. गंभीर आजाराचा रायडर, म्हणजे मूळ पॉलिसीला जोडून मिळणारं जादा संरक्षण, मिळणार नाही. मान्य असेल तर संमतिपत्रावर सही करा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेलेला असल्याने तेवढा भार वाचला. वाढीव सात हजार माझ्या पगारात टोचतात, खोटं कशाला बोलू. पण महिन्याचा हिशोब मांडला तर जेमतेम सहाशे रुपये होतात. मी सही केली.

पॉलिसीचा कागद आल्यावर ३० दिवसांत वाचून, पटला नाही तर परत करता येतो. मी आधी शेवटची पानं उघडली, जिथे माझ्या अर्जाची प्रत जोडलेली होती. मधुमेह, होय. औषधं, होय. आधी अर्ज पुढे ढकलला, होय. एकेक रकाना बोट ठेवून तपासला.

नॉमिनी असलेला मुलगा अल्पवयीन असल्याने एक अपॉइंटी, म्हणजे तो सज्ञान होईपर्यंत त्याच्या वतीने पैसे घेणारा माणूस, द्यावा लागला, तिथे माझ्या धाकट्या भावाचं नाव आहे. दिवाळीत तो आला तेव्हा त्याला आणि मुलाला, दोघांना समोर बसवून फाइल दाखवली. पॉलिसी वर, खाली शुगरचे सगळे रिपोर्ट. मुलाने विचारलं, “आई, हे रिपोर्ट यात कशाला?” मी म्हटलं, कुणी विचारायला आलं तर हेच दाखवायचे, काही लपवायचं नाही. फाइल कपाटाच्या वरच्या खणात आहे. किल्ली कुठे असते ते तिघांनाही माहीत आहे.