जोर करायचा होता, मी आवळत होते

शिंक येणार असं वाटलं की आधी पाय जुळवायचे, मग शिंकायचं, ही सवय मला कित्येक वर्षांची. संध्याकाळपर्यंत खाली जड वाटायचं, काहीतरी उतरल्यासारखं. अंग बाहेर येतं म्हणतात ते हेच, हे कळत होतं. बोलले मात्र फार उशिरा.

तपासून डॉक्टरांनी सोनोग्राफी सांगितली. सवयीने मी पोटभर पाणी पिऊन गेले, तर आधी लघवीला जाऊन यायला सांगितलं. भरलेलं मूत्राशय नीट खाली उतरत नाही, त्यामुळे दोष झाकला जातो. परत आल्यावर आत किती लघवी उरली तेही मोजलं.

पोटावर फिरवतात तोच प्रोब, त्यावर आवरण आणि जेल. आत घालत नाहीत, योनीच्या तोंडाशी बाहेरूनच टेकवतात. गुडघे दुमडून उताणी झोपले. डॉक्टरांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली: एका कडेला जघनास्थी, म्हणजे ओटीपोटाखालचं पुढचं हाड, त्यामागे काळं मूत्राशय, मग योनीमार्ग, मग गुदाशय.

"ताई, शौचाला करतो तसा जोर करा."

केला. काहीच खाली आलं नाही. "तुम्ही आवळताय," त्या म्हणाल्या. खरंच, स्क्रीनवर हे सगळे अवयव खालून तोलून धरणारा स्नायू पुढे खेचला जात होता. गादी ओली होईल या भीतीने मी रोखून धरत होते. "होऊ दे, त्यासाठीच खाली पॅड टाकलाय." हे ऐकलं आणि डोळे भरून आले.

तिसऱ्या वेळी जमलं. निदान सहा सेकंद जोर टिकवायचा असतो. मूत्राशय हाडाच्या खालच्या कडेपलीकडे घसरताना मी स्वतः पाहिलं: 18 मिमी. 10 मिमी किंवा जास्त उतरलं की ते सहसा लक्षणीय धरतात. पहिल्या दोन प्रयत्नांवरच अहवाल लिहिला असता तर 'सौम्य' आला असता, म्हणून हे मुद्दाम सांगतेय.

मग थ्रीडी चित्र. तोच तोलून धरणारा स्नायू उजवीकडे हाडापासून सुटलेला होता. पहिलं बाळंतपण चिमटा लावून झालं होतं का, हे त्यांनी मी सांगायच्या आधीच विचारलं. झालं होतं. असा स्नायू सुटलेला असेल तर शस्त्रक्रियेनंतरही अंग पुन्हा उतरण्याची शक्यता जास्त असते, हेही स्पष्ट सांगितलं.

शेवटी "आता आवळा" म्हणाल्या. डावी बाजू छान उचलली गेली. व्यायाम करताना नेमकं काय उचलायचं ते मला तेव्हा कळलं. सध्या रिंग पेसरी, म्हणजे अंग वर धरून ठेवणारी कडी, योनीत बसवली आहे आणि व्यायाम सुरू आहे. शस्त्रक्रियेचं तीन महिन्यांनी, पुन्हा तपासून ठरवणार आहोत.