इथं तर चालून राहिलं

कायमचं बंद पडलेलं यंत्र परवडतं. ते दुरुस्तीला टाकता येतं, भंगारात देता येतं, निदान त्याच्या नावानं बोटं मोडून मोकळं होता येतं. अधूनमधून बंद पडणारं यंत्र मात्र माणसाला धड संतापूही देत नाही. गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरचा कॉम्प्युटर असा वागत होता. शिकवणीच्या मुलांसाठी भूमितीचा पेपर टाइप करत असावं, वर्तुळाला स्पर्शिका काढून व्हावी, आणि पडदा काळा. क्षणभरानं स्वारी आपणहून पुन्हा सुरू, काही घडलंच नाही अशा थाटात. मग पुढचे काही दिवस इतका शहाण्यासारखा वागायचा की आपल्यालाच भास झाला असावा असं वाटायचं.

अशा दुखण्याचं निदान घरातला प्रत्येक जण आपापल्या स्वभावानुसार करतो. ह्यांना सगळीकडे व्हायरस दिसतो. भाचा म्हणाला, "मावशी, फॉरमॅट मार." त्या वयात सगळ्या प्रश्नांना हेच उत्तर असतं. शेजारचे काका म्हणाले, "ऊन आहे बाप्पा, दुसरं काय!" आता नागपुरात ऊन हा कायमचाच आरोपी. २०१३ च्या मे महिन्यात इथं पारा ४७.९ अंशांपर्यंत गेला होता, त्यामुळे त्याच्यावर काहीही ढकललं तरी लोक मान डोलावतात. मे २०२४ मध्ये तर शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश दाखवले आणि देशभर बातमी झाली. नंतर कळलं, सेन्सरच बिघडला होता. तेव्हापासून मी कोणत्याही आकड्याकडे जरा तिरप्या नजरेनंच बघते.

तरी तापमान तपासलं. फुकट मिळणारं एक सॉफ्टवेअर टाकलं. भर दुपारी, खोलीत कूलर घरघरत असताना, प्रोसेसर सत्तरच्या आसपास. हे प्रोसेसर शंभरच्या जवळ गेले की आधी स्वतःच वेग कमी करतात, एकदम मान टाकत नाहीत. उन्हाला तूर्तास जामीन मिळाला.

मग सीताबर्डीच्या बाजारातलं दुरुस्तीचं दुकान. आपण दुकानात नेतो काय, तर नुसता सीपीयूचा डबा. तिथल्या पोरानं झाकण उघडलं, ब्लोअरनं धूळ उडवली, रॅमच्या, म्हणजे मेमरीच्या, पट्ट्या उपसल्या आणि त्यांचे सोनेरी दात शाळेच्या खोडरबरानं घासले. अख्ख्या हिंदुस्थानात रॅमवर पहिला इलाज हाच, आणि खरं सांगायचं तर पुष्कळदा तो लागूही पडतो. कारण त्या दातांवर चढलेला मळ आणि सैल बसलेली पट्टी यानंही कॉम्प्युटर असाच झोके खातो. डबा दिवसभर तिथं चालू ठेवला. संध्याकाळी पोरगा म्हणाला, "मॅडम, इथं तर बरोबर चालून राहिलं न!" ते खरंच होतं. घरी आणला, जोडला, आणि चहा उकळेपर्यंत पडदा काळा.

विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर नावाची एक वही असते. तिच्यात प्रत्येक वेळी लाल खूण आणि ४१ नंबरची नोंद. ही नोंद बघून पुष्कळ जणांना गुन्हेगार सापडल्याचा आनंद होतो. पण तो नुसता पंचनामा आहे. यंत्र नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं, एवढंच तो सांगतो. कशानं, ते नाही. खरी गंमत तिच्या तपशिलात आहे. तिथं बगचेक कोड म्हणून एक रकाना असतो. ड्रायव्हर म्हणजे यंत्राचे भाग चालवणारे छोटे प्रोग्राम, त्यांच्या किंवा मेमरीच्या घोटाळ्यानं विंडोज कोसळलं तर मरण्यापूर्वी ते निळा पडदा दाखवतं, मिनिडंप नावाची फाइल लिहितं, आणि या रकान्यात आकडा येतो. आमच्याकडे दर वेळी शून्य. निळा पडदा नाही, फाइल नाही. म्हणजे विंडोजला शेवटचा शब्द बोलायलाही सवड मिळाली नव्हती. तरीही एका रात्री पेन ड्राइव्हवरून मेमरी तपासणारा मेमटेस्ट लावून झोपले. सकाळी एकही चूक नाही.

राहिली वीज. भिंतीवरच्या कॅलेंडरात दुधाच्या खाड्यांशेजारी मी कॉम्प्युटर पडल्याच्या वेळा लिहू लागले. कधी सकाळी साडेसात, कधी दुपारी तीन, कधी रात्री ऐन जेवणाच्या वेळी. काही सूत्र लागेना. पण वेळ लिहायची म्हणून कान टवकारलेले राहिले, आणि एकदा नीट ऐकू आलं. टेबलाखाली यूपीएसमध्ये बारीकसा "टक्" आणि त्याच सेकंदाला काळोख. पंख्यानंही किंचित दम खाल्ला होता. खिडकीतून खाली बघितलं, तर बोअरची मोटर नुकतीच लागलेली.

मोटर सुरू होताना पहिल्या क्षणी नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. आमची आणि तिची फेज एकच, त्यामुळे व्होल्टेजला बसते डुबकी. गच्चीवरून कोराडीच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसतात, पण दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. आणि मोटर लागते कधी? वरच्या मजल्यावरून कुणीतरी "नळाला पाणी नाही होऽऽ" असं ओरडलं की. ज्याला आम्ही लहरी, बेभरवशाचं म्हणत होतो, ते अगदी शिस्तीत चाललं होतं. फक्त वेळापत्रक टाकीचं होतं, आमचं नव्हतं.

पण एवढ्याशा डुबकीसाठीच तर यूपीएस असतो! भिंतीतला पुरवठा पडला की त्यानं काही मिलिसेकंदांत बॅटरीवर उडी घ्यायची. तेवढा वेळ सीपीयूमधला पॉवर सप्लाय दम धरतो, चांगला असेल तर सोळा-सतरा मिलिसेकंद. आमचा यूपीएस इमानेइतबारे उडी घेत होता. पलीकडे बॅटरीच नव्हती, म्हणजे असून नसल्यासारखी. कॉम्प्युटर काढून त्याच्या जागी टेबललॅम्प लावला, भिंतीतला प्लग उपटला. लॅम्प गपकन विझला. हिरवा दिवा रोज लागत होता, पण तो फक्त भिंतीतून वीज येतेय एवढंच सांगत होता. यूपीएस नसता, तर कदाचित पॉवर सप्लायनं ती डुबकी एकट्यानं निभावूनही नेली असती.

आतली बारा व्होल्टची, सात अँपिअर-अवरची ती काळी वीट दोन्ही बाजूंनी इतकी फुगली होती की खाच्यातून बाहेर येईना. ह्यांना स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटावी लागली. अशा शिसे-आम्लाच्या बंद बॅटरीचं आयुष्य पंचविसाच्या वर दर दहा अंशांमागे साधारण निम्मं होतं, असा हिशेब आहे. आमचा यूपीएस पश्चिमेच्या भिंतीला टेकून तीन उन्हाळे काढलेला. म्हणजे शेजारचे काका अगदीच चुकले नव्हते, फक्त त्यांना सांगायचं कसं हा प्रश्न आहे. सांगितलं तर वर्षभर ऐकावं लागेल.

जुनी बॅटरी दुकानदारानं भंगाराच्या भावात वळती करून घेतली. नवी बसवल्यापासून कॉम्प्युटर ठणठणीत आहे. आता खाली मोटर लागली की टेबलाखाली "टक्" होतं, पाठोपाठ यूपीएस एक बारीक शिट्टी घालतो, आणि पेपर पुढे चालू राहतो. ही गोष्ट इमारतीत पसरायला वेळ लागला नाही. तळमजल्यावरच्या वहिनी हल्ली भाजी घ्यायला बाहेर पडल्या की तिथूनच फोन करतात, "ताई, मोटर मी लावून आली का हो? तुमचं मशीन वाजलं का?"