रेटा

नऊ-दहा वर्षांची असताना हरिपूरच्या घाटावर मी पाण्यात पडले. पलीकडच्या काठाहून नावेनं येत होतो. नाव काठाला लागते न लागते तोच मी उडी मारली. अंतर फार तर दोन हात, त्याच्या दीडपट उडी मी घरच्या ओट्यावरून रोज मारायचे. पण पाय उचलता उचलता खालून नावच मागे सरकली आणि मी घाटाच्या पायरीऐवजी कमरेएवढ्या कृष्णेत. हातातला डबा नरसोबाच्या वाडीच्या दिशेनं एकटाच तीर्थयात्रेला निघाला. आई ओरडत होती, आणि नावाडीमामा वल्हं आडवं धरून शांतपणे म्हणाले, “अगं पोरी, पाय टाकायचा सोडून उडी कशाला मारलीस? नाव काय भिंत हाय व्हय, तुझा रेटा सोसायला?”

पुढे शाळेत न्यूटनचा तिसरा नियम आला. प्रत्येक क्रिया बलाला तेवढंच, विरुद्ध दिशेचं प्रतिक्रिया बल वगैरे. वर्गात सगळ्यांनी तो घोकला. मी तो आधीच भिजून शिकले होते. ओटा घराला जोडलेला, घर जमिनीला. मी मागे रेटा दिला की ओटा जागचा हलत नाही आणि त्याचा रेटा मला पुढे फेकतो. नावही मला तेवढाच रेटा देते, पण स्वतः मागे जाते. मी तीस किलोची आणि मामांसकट नाव दीडशेची धरली, तर माझ्या वेगाच्या पाचव्या हिश्शानं ती मागे सरकणार. जेवढी नाव मागे, तेवढी माझी उडी तोकडी. घाटावर हे गणित करायला सवड नव्हती एवढंच.

मला खरं तर ‘प्रतिक्रिया’ हा शब्दच पटत नाही. आपल्याकडे प्रतिक्रिया म्हणजे नंतर येणारी गोष्ट. आधी एकानं काही केलं, मग दुसरा खवळला. भांडणात, राजकारणात लोक खुशाल न्यूटनला साक्षीला बोलावतात, “क्रियेला प्रतिक्रिया होणारच!” बिचाऱ्यानं असलं काही म्हटलेलं नाही. त्याच्या नियमात आधी-नंतर नाहीच. दोन्ही रेटे एकाच क्षणी असतात. त्यापेक्षा आपली जुनी म्हण बरी, टाळी एका हातानं वाजत नाही. वाजवून बघा. डावा तळवा आधी लाल झाला की उजवा, हे कोणाला सांगता येतं का?

१६८७ साली न्यूटनचा ग्रंथ लॅटिनमध्ये निघाला. त्यात या नियमाखाली त्यानं साधे दाखले दिलेत. बोटानं दगड दाबला तर दगडही बोट दाबतो. दोराला बांधलेला दगड घोडा ओढतो तेव्हा दगडही घोड्याला तेवढाच मागे ओढतो. घोड्याच्या जागी बैल घाला, की तो दाखला थेट आमच्याकडचा होतो. आणि तिथंच मी वर्गात अडकले होते. “गाडी बैलाला तेवढीच मागे ओढते, तर मग गाडी पुढे जाते कशी?” या प्रश्नाला “परीक्षेला येत नाही” असं उत्तर मिळालं.

उत्तर खूप वर्षांनी मिळालं, तेही गळीत हंगामात, कारखान्याच्या वाटेवरच्या एका चढावर. उसानं लादलेली टायरगाडी थांबली होती. बैल मान खाली घालून जोर करत होते, जू मानेत रुतत होतं, पण गुळगुळीत डांबरावर खूर घसरत होते. पत्री मारलेले खूर, लोखंडाचा नुसता खरखराट. गाडीवाल्यानं बैलांना मारलं नाही. रस्त्याकडेची माती ओंजळीनं आणून त्यांच्या पायांखाली टाकली आणि “हय्य!” म्हणाला. दोनदा घसरून तिसऱ्यांदा खूर रोवला गेला आणि गाडी हलली.

तेव्हा मला कळलं की आमचा हिशेबच चुकत होता. बैल गाडीला ओढतो तो रेटा गाडीच्या खात्यात, गाडी बैलाला मागे ओढते तो बैलाच्या खात्यात. खाती वेगळी असताना एकातून दुसरं वजा करून आम्ही शून्य काढत होतो. बैल पुढे जातो तो गाडीमुळे नाही, रस्त्यामुळे. खुरानं रस्ता मागे रेटला की रस्ता बैलाला पुढे रेटतो, आणि हा रेटा गाडीच्या ओढीपेक्षा जास्त भरला की बैल सुटला. माती टाकून गाडीवाल्यानं बैलाची ताकद वाढवली नव्हती. रस्त्याची वाढवली होती.

पावसाळ्यात सांगलीत कृष्णेवर होड्यांच्या शर्यती होतात, तिथंही हेच. वल्ही पाणी मागे लोटतात, पाणी होडीला पुढे लोटतं. काठावरचे ओरडतात मात्र नावाड्यांच्या नावानं.

आणि आपण ओट्यावरून खाली उडी मारतो तेव्हा पृथ्वी आपल्याला ओढते, तेवढ्याच जोरानं आपणही तिला वर ओढतो. ती हलतेसुद्धा! फक्त तिचं वजन आपल्यापेक्षा इतकं अफाट की ते हलणं अणूच्या केंद्रकाच्याही कोट्यवधीव्या भागाइतकं. पण माझ्यासाठी पृथ्वी हलते, ही गोष्ट मी घरात दोन-तीनदा सांगून पाहिली आहे. कोणी मान वर केली नाही.

परवाच्या पावसात रानाच्या वाटेवर माझी स्कूटर रुतली. काळी माती, मागचं चाक नुसतं गरगर. मी ॲक्सिलेटर पिळतेय आणि चाक आणखी खाली. शेजारच्या रानातले अण्णा आले. लग्नाला निघाले होते, पांढरा सदरा, पांढरं धोतर. “थांबा, पिळू नका,” म्हणाले. बांधावरचं उसाचं पाचट चाकाखाली कोंबलं, मागं जाऊन दोन्ही हात सीटला लावले आणि रेटा दिला. पाचटात चाकाला पकड मिळाली, स्कूटर सुटली आणि मी वीस फूट पुढे.

मागे वळून पाहिलं. चाकानं मागे फेकलेला सगळा चिखल अण्णांच्या सदऱ्यावर होता, गळ्यापासून कमरेपर्यंत. मला बोलायला शब्द सुचेना. त्यांनी एकदा स्वतःकडे पाहिलं, बोटानं मिशीवरचा चिखल पुसला.

“जावा तुम्ही,” ते म्हणाले. “आता थांबलासा तर परत रुतंल.”