ब्रेक अपडेट: ऑइल उकळलं, पण गुन्हेगार भलताच

सापडलं एकदाचं! ट्रॅकवर गाडी पळवताना माझं ब्रेक पेडल तळाला जातंय, असं मागच्या अपडेटमध्ये लिहिलं होतं. त्यावर बहुतेकांचा सल्ला एकच होता, ‘चांगलं ब्रेक ऑइल भर आणि विषय संपव’. ऑइल उकळलं होतं यात वाद नाही. पण ते का उकळतंय हे शोधताना पुढच्या उजव्या कॅलिपरची (डिस्कवर पॅड दाबणारा चिमटा) खालची गाइड पिन (ज्या दांडीवर तो सरकतो ती) हाती लागली आणि पॅड-ऑइलचा माझा सगळा बेतच बदलला.

लक्षणं परत थोडक्यात. सेशन, म्हणजे ट्रॅकवरची एक पाळी, संपेपर्यंत पेडल उत्तम. ब्रेक निवायला सावकाश कूल-डाउन लॅप मारून, हँडब्रेक न ओढता गाडी उभी केली. थोड्या वेळाने पुन्हा निघालो की पहिल्याच वळणाला पेडल जवळजवळ तळाला. पंप केलं की वर यायचं, पण स्पंजी. घरी थंड झाल्यावर बरंच सुधारायचं, त्यामुळे डोकं आणखीनच फिरायचं.

माझी गाळणी अशी. पेडल कडक आहे आणि तरी गाडी थांबत नाही, तर पॅडने हात टेकलेत. पहिला दाब लांब, दुसरा एकदम टणक, आणि हे कर्ब (ट्रॅकची उंच कड) चढून आल्यावर जास्त होतंय, तर नॉक-बॅक, म्हणजे डिस्क हलून पॅड मागे ढकलले गेलेत. हब बेअरिंग हलवून बघा. पंप करूनही स्पंजीपणा जात नाही, तर लाइनमध्ये वाफ किंवा हवा. माझी केस तिसरी.

उभ्या गाडीत ऑइल उकळतं हे काहींना पटत नव्हतं. धावताना कॅलिपरला वारा मिळतो. गाडी थांबली की वारा बंद, आणि पाचशे अंशांच्या आसपासची डिस्क पॅडमधून, पिस्टनमधून आपली उष्णता मागे ढकलत राहते. कॅलिपरमधलं ऑइल सर्वात जास्त तापतं ते पिटमध्ये आल्यानंतर काही मिनिटांनी, आपण हेल्मेट काढून गप्पा मारत असतो तेव्हा.

ब्लीड केलं (निपल उघडून हवेसकट ऑइल बाहेर काढलं) तर पुढच्या उजव्या निपलमधून बुडबुड्यांची माळच निघाली. डावीकडे एक नाही. मग सगळं ऑइल बदललं, एबीएस पंपात हवा अडकली असेल म्हणून स्कॅनर लावून तोही फिरवला. थंड पेडल तरीही किंचित दबकं. साध्या रबरी होज असत्या तर एकेक चिमटून कुठलं चाक दोषी ते लगेच कळलं असतं, पण माझ्या ब्रेडेड (वरून स्टीलच्या तारा विणलेल्या) आहेत आणि त्यांना चिमटा लावायचा नाही.

इथे थर्मल पेंटने मदत केली. डिस्कच्या कडेला तीन पट्टे मारायचे: हिरवा ४३० अंशांना रंग सोडतो, नारिंगी ५६० ला, लाल ६१० ला. कॅलिपरवर तापमानाच्या चिकटपट्ट्या, तापेल तसं एकेक घर काळं होतं. एका सेशननंतर डावीकडे फक्त हिरवा उडाला होता, उजवीकडे हिरवा आणि नारिंगी दोन्ही. कॅलिपरची पट्टी डावीकडे १८० च्या आसपास थांबली होती, उजवीकडे २३० च्या पुढे काळी. आमच्या ट्रॅकची बहुतेक वळणं उजवीकडची, म्हणजे भार डाव्या चाकावर. मग उजवं जास्त गरम का?

पॅड काढून व्हर्नियर लावला. उजवीकडचा बाहेरचा पॅड एका टोकाला साडेआठ मिलिमीटर, दुसऱ्या टोकाला जेमतेम सहा. डावीकडे दोन्ही टोकं जवळपास सारखी. खालची गाइड पिन हाताने हलेना; पकडीत धरून पिळत पिळत बाहेर काढावी लागली. तिच्यावरची रबरी बाही फुगून टम्म झाली होती. आधी कुणीतरी साधं खनिज तेलाचं ग्रीस चोपडलेलं, आणि या जातीचं रबर त्याने फुगतं. पिनेला सिलिकॉनचंच ग्रीस लागतं, तेही पुसट थर. हे पाकिटावर लिहिलेलं असतं, वाचत कुणी नाही.

आता सगळे धागे जुळले. पिन अडकल्यामुळे पॅड सरळ रस्त्यावरही डिस्कला घासत होता, म्हणून उष्णता. पॅड तिरका झिजला, त्यामुळे दाब आला की कॅलिपर आधी वाकायचा आणि मग पकडायचा, म्हणून थंड असतानाही पेडल दबकं. आणि पातळ टोकाकडून उष्णता कॅलिपरकडे जास्त जाणार, म्हणून ऑइल त्याच बाजूचं उकळलं. माझ्या गाडीत डॉट ५.१ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) होतं, पण बरेच महिने झालेलं. २३० अंशांपुढे त्याने तग धरावा ही अपेक्षाच चुकीची.

नवी रबरं, नवे पॅड. पिन आता एका बोटाने आत जाते, आणि सोडली की आत कोंडलेल्या हवेने केसभर परत बाहेर येते. हे बघायला मी ती उगीच पुन्हा पुन्हा ढकलली, लपवत नाही. पुढच्या ट्रॅक डेला नारिंगी पट्टा दोन्हीकडे शाबूत, दोन्ही कॅलिपरच्या पट्ट्यांत एका घराचा फरक, आणि पेडल सकाळी होतं तसंच संध्याकाळी.

आता ऑइल. डॉट ४ ला कोरडा उत्कलनबिंदू किमान २३० आणि ओला १५५ लागतो, ५.१ ला २६० आणि १८०. ‘ओला’ म्हणजे ३.७ टक्के पाणी शोषल्यावरचा. डॉट ५ म्हणजे सिलिकॉन, एबीएसच्या गाडीत त्याचा विचारच नको. बाटलीवर मोठ्या अक्षरात कोरडा आकडा छापतात. मोतुल आरबीएफ ६६० चा कोरडा ३२५, पण ओला दोनशेच्या जरा वर. कॅस्ट्रॉल एसआरएफचा ओला २७०, पण खिसा रिकामा. माझं मत असं: दर ट्रॅक डेच्या आधी ब्लीड करणार असाल तर कोरडा आकडा बघा, वर्षातून एकदाच हात लावणार असाल तर ओला. मी एसआरएफ मागवणारच होतो. पिन सुटल्यावर कॅलिपरच दोनशेच्या खाली राहतोय, तेव्हा आरबीएफ ६०० भरून वारंवार ब्लीड करणं मला पुरतं. उरलेली अर्धी बाटली पुढच्या मोसमासाठी ठेवू नका, झाकण घट्ट लावलं तरी.

गणिताचा नाद असणाऱ्यांसाठी: ड्रायव्हरसकट १२०० किलोची गाडी १६० वरून ६० वर आणली की साधारण दहा लाख ज्यूल ब्रेकमध्ये जातात. सत्तर टक्के पुढच्या चाकांना धरले तर एका डिस्कला साडेतीन लाख. सहा किलोची बिडाची डिस्क एका दाबात शंभर-सव्वाशे अंश चढते. तोच दाब १४० वरून मारला तर उष्णता पाव हिश्शाहून जास्त कमी. म्हणून पहिला लॅप सावकाश, शेवटचा त्याहून सावकाश.

पॅडचं मात्र अजून धड ठरत नाही. एकच पॅड रस्त्यालाही आणि ट्रॅकलाही, हे माझं जुनं धोरण तुम्हाला माहीत आहे. फेरोडो डीएस२५०० सारखे मधले पॅड त्यासाठीच असतात, आणि हलक्या गाडीला, छोट्या सेशनला ते खरंच चालतात. पॅडच्या कडेला छापलेली दोन अक्षरं बघून ट्रॅकचा पॅड मात्र निवडू नका. एफ म्हणजे घर्षणांक ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५, पहिलं अक्षर थंडचं, दुसरं गरमचं. पण तिथलं ‘गरम’ साधारण ३४० अंशांपर्यंतच. माझा नारिंगी पट्टा ५६० ला उडाला होता, त्या गावाला ही अक्षरं जातच नाहीत.

पक्का ट्रॅकचा पॅड रोजच्या गाडीत मला नको. सकाळच्या पहिल्या सिग्नलला तो थंड असतो आणि पकडायला वेळ घेतो, किंचाळतो ते वेगळंच. त्याची लोखंडी पूड पावसात रिमवर गंजून बसते आणि रंग घेऊनच निघते. दोन सेट ठेवून ट्रॅक डेच्या सकाळी बदलावेत तर डिस्कवर एका पॅडचा थर आणि वर दुसरा पॅड. मग धडधड सुरू होते आणि लोक म्हणतात डिस्क वाकली. बहुतेक वेळा डिस्क वाकलेली नसते, थर ठिकठिकाणी चिकटलेला असतो.

हे लिहिता लिहिताच सुचतंय: माझ्या डिस्क हबला एकेका स्क्रूने धरलेल्या आहेत. पॅड बदलायला कॅलिपर काढायचाच असतो, ब्रॅकेटचे दोन बोल्ट जास्त सोडले की डिस्कही हातात येते. म्हणजे पॅडबरोबर डिस्कचीही जोडी बदलायची. रस्त्यासाठी जुनी, ट्रॅकसाठी साधी नवी जोडी. भोकं पाडलेल्या नकोत, तडे भोकापासूनच सुरू होतात. मग डीएस२५०० रद्द, त्याऐवजी रस्त्याला कंपनीचेच पॅड आणि ट्रॅकला खरे ट्रॅकचे. मागच्या पॅडला तूर्त हात लावत नाही, पण पुढे जोरदार पॅड टाकल्यावर ब्रेकचा तोल पुढे सरकेल, तेव्हा तेही येईलच.

टायटॅनियमच्या शिमचं (उष्णता अडवायला पॅड आणि पिस्टनच्या मध्ये घालायचा पातळ पत्रा) कौतुक बऱ्याच जणांनी केलं. टायटॅनियमचा मिश्रधातू उष्णता वाहून नेण्यात स्टीलच्या कितीतरी मागे, हे खरं. पण जाडी मिलिमीटरभर. पॅड अर्धे झिजले की ट्रॅकवरून निवृत्त करायचे, हा नियम मला जास्त भरवशाचा वाटतो. शिमचे पैसे डक्टला, म्हणजे ब्रेकपर्यंत वारा आणणाऱ्या पाइपला लावणार. डक्टचं तोंड डिस्कच्या बाहेरच्या चेहऱ्यावर नको, मधल्या डोळ्याकडे हवं. व्हेंटेड (मधून पोकळ) डिस्क हवा तिथूनच ओढते आणि पाकळ्यांतून बाहेर फेकते. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर ७५ मिलिमीटरचा पाइप टायरला घासतो, तिथे गाडी अडली आहे. फ्रंट-व्हील-ड्राइव्ह (इंजिन पुढची चाकं फिरवतं अशी) गाडी असलेल्या कुणी हा पाइप लोअर आर्मच्या (चाकाला खालून धरणारी सस्पेन्शनची दांडी) पुढून नेला असेल तर फोटो टाका, ब्रॅकेट कापायच्या आधी बघायचाय.