पॅचच्या आधी एक रीबूट

अंधेरीच्या ऑफिसात सर्व्हर पॅचिंगचं, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या सुरक्षेच्या त्रुटी बुजवणारे पॅच लावण्याचं, काम माझ्याकडे आलं, तेव्हा त्रुटी शोधणाऱ्या स्कॅनरच्या अहवालात ‘क्रिटिकल’च्या हजारभर ओळी होत्या. वरून खाली एकेक निपटायला घेतलं तर वर्षही पुरत नाही. मी आधी दोनच गोष्टी पाहिल्या: मशीन इंटरनेटवरून दिसतं का, आणि ती त्रुटी सिसा या अमेरिकी सरकारी संस्थेच्या यादीत आहे का. प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरल्या गेलेल्या त्रुटीच त्या यादीत येतात. म्हणून व्हीपीएन गेटवेवरची (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कात येण्याच्या दारावरची) दहापैकी ७.५ गुणांच्या गंभीरतेची त्रुटी यादीत असेल तर ती त्याच रात्री. आतल्या टेस्ट मशीनवरची ९.८ ची रविवारपर्यंत थांबू शकते.

स्कॅनरला सगळंच दिसत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये जावा प्रोग्रॅममध्ये नोंदी ठेवणाऱ्या लॉग४जे या लायब्ररीची त्रुटी उघड झाली, तेव्हा खरा त्रास होता तो जार फाइलच्या (जावा प्रोग्रॅमच्या गाठोड्याच्या) पोटातल्या जारचा. त्यात दुरुस्तीची २.१५.० ही आवृत्ती पुरेशी ठरली नाही, २.१६.०, २.१७.० आणि २.१७.१ त्याच महिन्यात आल्या. कुठल्या सर्व्हरवर काय आहे याची यादी ज्यांच्याकडे नव्हती, त्यांना प्रत्येक वेळी नव्याने शोधाशोध करावी लागली.

मायक्रोसॉफ्टचे पॅच महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. आपल्याकडे रात्री साडेदहाला, तिकडे हिवाळा असला की साडेअकराला. बुधवारी टेस्ट मशीन, शुक्रवारपर्यंत कमी महत्त्वाचे सर्व्हर, रविवारी पहाटे बाकीचे. डाउनटाइम मागायचा तर रेल्वेच्या मेगाब्लॉकसारखा मागावा: काय बंद, किती ते किती, तोवर पर्याय काय. ‘थोडा वेळ बंद राहील’ असं मोघम लिहिलं तर कुणी हो म्हणत नाही, आणि म्हणूही नये.

आता सगळ्यात महत्त्वाचं. वर्षभर न थांबलेल्या सर्व्हरला थेट पॅच लावू नका. आधी नुसता रीबूट करा. कुणीतरी कधीतरी सर्व्हिस हाताने चालू केलेली असते, पण ‘सिस्टिमसीटीएल इनेबल’ (रीबूटनंतर ती आपोआप चालू होण्याची आज्ञा) केलेलं नसतं. सुरू होताना कुठल्या डिस्क जोडायच्या याची यादी असलेल्या एफएसटॅब फाइलमध्ये एखादा माउंट (डिस्कची जोडणी) लिहायचा राहिलेला असतो. हे सगळं रीबूटनंतरच उघडं पडतं. पॅच लावून मग रीबूट केला तर दोष पॅचवर जातो, रोलबॅक होतो (पॅच काढला जातो), आणि त्रुटी तशीच राहते. रीबूट नीट झाला की व्हर्च्युअल सर्व्हरचा स्नॅपशॉट (परत येण्यासाठी त्या क्षणाची नोंद) घ्या, पण ७२ तासांत काढून टाका. राहिला तर फुगत जाऊन डेटास्टोअर (सर्व्हरच्या डिस्क ठेवायची जागा) भरतो.

लिनक्सवर ‘/बूट’ची, म्हणजे कर्नल (सिस्टिमचा गाभा) जिथे ठेवतात तिथली, जागा आधी तपासा. जुन्या कर्नलनी ती भरलेली असली तर नवा कर्नल अर्ध्यावर अडकतो. पॅकेज बसलं म्हणजे काम झालं असंही नाही. चालू कर्नलची आवृत्ती सांगणारी ‘युनेम -आर’ ही आज्ञा जुनाच आकडा दाखवत असेल तर मशीन अजून जुन्या कर्नलवरच चालतंय. ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीचंही तसंच: फाइल नवी, पण वेब सर्व्हर रीस्टार्ट केला नाही तर मेमरीत जुनीच लायब्ररी. उघड्या फाइली दाखवणाऱ्या ‘एलएसओएफ’ आज्ञेत ती पुसलेली म्हणून दिसते. सोमवारी स्कॅनरला सर्व्हरचं लॉगिन देऊन पुन्हा स्कॅन केल्याशिवाय तिकीट बंद करू नका.

व्हेंडरने पॅच लावायला परवानगी न दिलेली जुनी सिस्टिम असेल, तर तिला वेगळ्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात) टाका, लागतील तेवढीच पोर्ट उघडी ठेवा आणि अपवादाच्या कागदावर त्या विभागाच्या प्रमुखाची सही घ्या, मुदतीच्या तारखेसह. मुदत संपली की सही नव्याने.